निकाल कोण सांगतो? : अमेरिकेची निवडणूक आणि वृत्तमाध्यमे

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकांनी दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



हीरक महोत्सवाच्या व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीविषयी बोलावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु ती वाटचाल माझ्याहून अधिक अधिकाराने सांगणारी मंडळी या सभागृहात बसली आहेत आणि ती उद्या-परवा बोलणार आहेत. मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी. नागरिकशास्त्र शिकवताना अमेरिकेचे प्रकरण आले की वर्गात एक प्रश्न हमखास येतो : "बाई, त्यांचा मुख्य निवडणूक आयुक्त कोण?" या प्रश्नाचे खरे उत्तर "कोणीच नाही" असे आहे. ते ऐकून मुले गोंधळतात, आणि त्यांचे गोंधळणे योग्यच आहे. मग दुसरा प्रश्न येतो : "मग निकाल कोण सांगतो?" आजचे माझे बोलणे या दुसऱ्या प्रश्नापुरते आहे.

विषय दूरचा वाटेल; पण आपल्या हैदराबादेत तो फारसा दूरचा राहिलेला नाही. शमसाबादच्या विमानतळावर मुलाला वा मुलीला निरोप देऊन रिकाम्या गाडीतून घरी परतलेले कितीतरी पालक येथे आहेत. आपले काही माजी विद्यार्थी आज तिथले नागरिक आहेत, तिथे मतदान करतात. तिथे कोण निवडून येते यावर इथल्या घरांतील व्हिसाची काळजी वाढते किंवा कमी होते. म्हणून दर चार वर्षांनी नोव्हेंबरात आपणही दूरचित्रवाणीपुढे बसतो, लाल-निळे नकाशे पाहतो, आणि पडद्यावर दिसणारी घोषणा सरकारी आहे असे गृहीत धरतो. ती तशी नसते. ती एका वृत्तसंस्थेने किंवा वाहिनीने स्वतःच्या जबाबदारीवर काढलेला निष्कर्ष असतो.

आपल्याकडे संविधानाच्या अनुच्छेद ३२४ने निवडणूक आयोग निर्माण केला आणि प्रजासत्ताकाच्या आदल्या दिवशी, २५ जानेवारी १९५० रोजी तो अस्तित्वात आला. मतदारयादीपासून निकालापर्यंतची सूत्रे त्याच्या हाती आहेत. अमेरिकेतही संघीय निवडणूक आयोग नावाची एक संस्था आहे. परंतु तिचे काम प्रचाराच्या पैशाचा हिशेब पाहण्यापुरते. तिचे सदस्य सहा, एका पक्षाचे तिघांहून अधिक असायचे नाहीत, आणि महत्त्वाच्या निर्णयाला चार मते हवीत. यातून काय घडते, हे शाळेची कोणतीही समिती चालवलेल्या माणसाला सांगण्याची गरज नाही. प्रत्यक्ष निवडणूक घेण्याचे काम राज्यांचे, आणि राज्ये ते बव्हंशी काउंट्यांकडे सोपवतात. काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग. असे तीन हजारांहून अधिक आहेत. मतपत्रिकेचा नमुना, टपाली मते उघडण्याची वेळ, मतदान संपण्याची घटका, सारे राज्यागणिक वेगळे. राज्याचा निवडणूक-प्रमुख बहुतेक ठिकाणी 'राज्य सचिव' या नावाचा अधिकारी असतो आणि तो अनेक राज्यांत चक्क पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो. आपल्या कानाला हे विचित्र वाटते. मलाही वाटते. पण या विखुरलेपणाचा एक गुणही ध्यानात घ्यायला हवा. हजारो ठिकाणी, हजारो हातांनी होणारी मोजणी एका जागी बसून कोणालाही फिरवता येत नाही. दोष असा की, सगळ्यांची बेरीज करून त्याच रात्री देशाला सांगणारा सरकारी माणूस त्या व्यवस्थेत कुठेच नाही.

ही उणीव भरून काढली वर्तमानपत्रांनी. १८४५ साली अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, अध्यक्षीय मतदानासाठी साऱ्या देशाला एकच दिवस ठरवून दिला : नोव्हेंबरातील पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. शेतकऱ्यांचा देश, सुगी आटोपलेली, रविवार चर्चचा, काउंटीच्या ठाण्यापर्यंत घोडागाडीने जायला एक दिवस लागणार, म्हणून मंगळवार. पुढच्याच वर्षी, १८४६ मध्ये, न्यूयॉर्कच्या पाच वर्तमानपत्रांनी मेक्सिकोच्या युद्धाच्या बातम्या मिळून आणवण्यासाठी एक सहकारी व्यवस्था उभारली. तीच असोसिएटेड प्रेस. १८४८ साली साऱ्या राज्यांनी प्रथमच एका दिवशी मतदान केले, तेव्हा या संस्थेने नव्याने आलेल्या तारायंत्रावरून गावोगावचे आकडे गोळा केले आणि झॅकरी टेलर विजयी झाल्याचे वृत्त दिले. ती प्रथा आजतागायत चालू आहे. मतदानाच्या रात्री या संस्थेचे हजारो वार्ताहर काउंट्यांच्या कचेऱ्यांत उभे असतात. आकडा लागला की तो दूरध्वनीवरून केंद्राला कळवतात. तिथे बसलेली माणसे कोणाला किती मते मिळाली एवढेच पाहत नाहीत. कोणत्या भागातील किती मते मोजायची उरली आहेत हे पाहतात. मागे असलेल्या उमेदवाराला पुढे जाण्याचा एकही मार्ग उरला नाही, अशी खात्री पटल्यावरच ती विजेत्याचे नाव उच्चारतात. सरकारी प्रमाणपत्र त्यानंतर कित्येक दिवसांनी, काही राज्यांत काही आठवड्यांनी येते.

या मोजणीत आणखी एक पेच आहे, आणि मराठी वाचकाला तो नवा नाही. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या आणि १८८९ साली त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक निघाले. त्यात तिथल्या राज्यव्यवस्थेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. पुस्तक निघाले त्याच्या आदल्याच वर्षी, नोव्हेंबर १८८८ मध्ये, ग्रोव्हर क्लीव्हलंड यांना देशभरात सुमारे ९० हजार मते अधिक मिळाली आणि अध्यक्ष झाले बेंजामिन हॅरिसन. कारण तिथे नागरिक अध्यक्षाला थेट निवडत नाहीत. ते आपल्या राज्यातर्फे निर्वाचक निवडतात. आज एकूण निर्वाचक ५३८ : प्रतिनिधिगृहाचे ४३५, सिनेटचे १००, आणि राजधानी वॉशिंग्टनचे ३. त्यांपैकी २७० मिळवणारा अध्यक्ष होतो. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली, तर इतरत्र राज्यात एक मत जरी अधिक पडले तरी त्या राज्याचे सगळे निर्वाचक एकाच्या पदरात. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना २८ लाखांहून अधिक मतांची आघाडी होती आणि त्या हरल्या.

या एका नियमाने प्रचाराचे सारे अंग घडवले आहे. कॅलिफोर्नियात डेमोक्रॅटिक उमेदवार जिंकणार हे ठाऊक असेल, तर तिथे सभा घेऊन तो काय साधणार? २०२४ साली दोन्ही पक्षांचा पैसा, विमाने आणि उमेदवारांचे घसे प्रामुख्याने सात राज्यांत खर्च झाले : पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना आणि नेवाडा. उरलेल्या त्रेचाळीस राज्यांतील मतदाराला उमेदवार दिसला तो पडद्यावरच. म्हणजे ज्याला आपण प्रचार म्हणतो तो बहुसंख्य अमेरिकनांच्या अनुभवात मुळात एक वृत्त असतो. आपल्याकडे निदान एखादी रिक्षा कर्ण्यासह दारावरून जाते.

माध्यमांच्या हाती नुसता निकाल सांगण्याचे काम असते तर गोष्ट सोपी होती. त्यांच्या हाती त्याहून सूक्ष्म असे एक माप आहे, आणि ते म्हणजे 'अपेक्षा'. तिथे पक्षाचा उमेदवार कोण हे पक्षश्रेष्ठी ठरवत नाहीत. ते राज्याराज्यांत होणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकांतून ठरते. तिला प्रायमरी म्हणतात. मार्च १९६८ मध्ये न्यू हॅम्पशर या चिमुकल्या राज्याच्या प्रायमरीत अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना ४९ टक्क्यांहून अधिक मते मिळाली, तीही मतपत्रिकेवर नाव नसताना, लोकांनी हाताने लिहून दिलेली. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे युजीन मॅकार्थी यांना ४२ टक्के. अंकगणिताने जॉन्सन जिंकले. पण मॅकार्थींना इतकी मते मिळतील असे कोणाला वाटले नव्हते, म्हणून वर्तमानपत्रांनी हा अध्यक्षांचा पराभव ठरवला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला जॉन्सन यांनी आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचे जाहीर केले. १९७६ साली आयोवा राज्यात तर याहून गमतीची गोष्ट घडली. तिथल्या डेमोक्रॅटिक मतदारांत सर्वांत मोठा गट "अजून कोणीच नाही" म्हणणाऱ्यांचा होता, ३७ टक्के. जॉर्जियाचे एक फारसे परिचित नसलेले माजी गव्हर्नर जिमी कार्टर यांना मिळाले २८ टक्क्यांच्या आसपास. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत विजेते होते कार्टर. पुढे ते अध्यक्ष झाले. वर्गात ६० गुण मिळवणाऱ्याला "अपेक्षेहून कमी" म्हणून नापास करावे आणि ४० मिळवणाऱ्याची मिरवणूक काढावी, असा हा प्रकार. आणि तरीही त्यात काहीतरी खरे असते, हे शिक्षकाला तरी नाकारता येणार नाही.

दूरचित्रवाणीविषयी फार लिहिले गेले आहे, म्हणून मी थोडक्यात सांगते. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोत जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन यांची पहिली चर्चा झाली आणि सुमारे सात कोटी लोकांनी ती पाहिली. गुडघ्याच्या दुखण्याने नुकतेच रुग्णालयातून आलेले निक्सन निस्तेज दिसत होते. त्यांचा करडा सूट मागच्या पडद्यात विरून जात होता. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन सरस वाटले आणि पाहणाऱ्यांना केनेडी, ही कथा आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकी लेखांतही येते. तिचा पुरावा मात्र फार तोकडा आहे. निर्विवाद एवढेच की त्यानंतरच्या तीन निवडणुकांत अशी चर्चा झालीच नाही. ज्याची बाजू वरचढ त्याने हा धोका का पत्करावा? जाहिरातींचेही तसेच. १९६४ साली जॉन्सन यांच्या बाजूची एक जाहिरात निघाली : फुलाच्या पाकळ्या मोजणारी लहान मुलगी आणि मागोमाग अणुस्फोट. पैसे मोजून ती एकदाच, ७ सप्टेंबरच्या रात्री, दाखवली गेली. पण तीवर वाद झाला, आणि वादाची बातमी म्हणून वाहिन्यांनी ती फुकट पुन्हा पुन्हा दाखवली. पैसे न देता प्रसिद्धी मिळवण्याची ही युक्ती त्यानंतर अनेकांनी आत्मसात केली. पैशावर बंधन घालण्याचे प्रयत्न झाले. परंतु १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रचारखर्चाला अभिव्यक्तीचे संरक्षण दिले, आणि २०१० साली कंपन्या व कामगार संघटनांना उमेदवारापासून स्वतंत्र राहून हवा तेवढा खर्च करण्याची मोकळीक दिली. आपल्याकडे मतदानाच्या आधीचे ४८ तास प्रचार थांबतो, आणि मतदानाचा शेवटचा टप्पा संपेपर्यंत एक्झिट पोल सांगता येत नाही. तिथल्या संविधानाची पहिली दुरुस्ती असा शांततेचा पट्टा निर्माण होऊ देत नाही. तिथे वाहिनी गप्प राहिली तर ती स्वतःच्या संयमाने राहते.

तो संयम सुटला की काय होते, त्याची उदाहरणे आहेत. 'बाजारात तुरी' ही आपली म्हण १९४८ साली शिकागो ट्रिब्यूनला लागू पडली. छापखान्यात जुळारींचा संप चालू असल्याने अंक नेहमीपेक्षा बराच आधी छपाईला सोडावा लागे. चाचण्या सांगत होत्या की ड्युई जिंकणार. संपादकांनी मथळा देऊन टाकला. दोन दिवसांनी सेंट लुईसच्या रेल्वेस्थानकावर विजयी ट्रुमन यांनी तो अंक हसत हसत उंच धरला. ते छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. त्या चुकीने कोणाचे नुकसान झाले नाही, कारण मतदान संपले होते. १९८० साली मात्र एका वाहिनीने पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे सव्वाआठ वाजले असताना रेगन विजयी झाल्याचे सांगितले, आणि पराभूत अध्यक्ष कार्टर यांनी हार मान्य करणारे भाषणही केले, तेव्हा कॅलिफोर्नियात मतदान संपायला तासाहून अधिक अवकाश होता. तिथल्या रांगेत उभे असलेल्या मतदाराच्या मनात काय आले असेल? आपण उभे का आहोत, असेच ना?

आणि मग २००० साल. ७ नोव्हेंबरच्या रात्री आठ वाजण्याच्या सुमारास वाहिन्यांनी फ्लोरिडा राज्य अल गोर यांना दिले. त्या राज्याचा पश्चिमेकडील पट्टा एक तास मागच्या वेळेत चालतो. तिथे अजून मतदान चालू होते. दहाच्या सुमारास ते मागे घेतले. रात्री सव्वादोनला एका वाहिनीने फ्लोरिडा आणि त्यासह अध्यक्षपद जॉर्ज बुश यांना दिले आणि चार मिनिटांच्या आत बाकीच्या वाहिन्या मागोमाग धावल्या. गोर यांनी बुश यांना दूरध्वनी करून अभिनंदन केले आणि भर पावसात नॅशव्हिलच्या चौकात कार्यकर्त्यांना सामोरे जायला निघाले. वाटेत त्यांच्या माणसांना कळले की आघाडी वितळते आहे. गोर यांनी पुन्हा दूरध्वनी करून आपला शब्द परत घेतला. चारच्या सुमारास वाहिन्यांनीही. एवढा गोंधळ कसा झाला? साऱ्या वाहिन्या खर्च वाचवण्यासाठी एकाच संस्थेकडून आकडे घेत होत्या. ते आकडेच सदोष होते, आणि एका काउंटीतून आलेल्या चुकीच्या बेरजेने बुश यांची आघाडी फुगली होती. दहा घड्याळे एकाच किल्लीवर चालत असतील, तर त्यांना दहा घड्याळे म्हणता येत नाही. असोसिएटेड प्रेसने त्या रात्री बुश विजयी झाल्याचे म्हटले नाही. तिच्या माणसांना स्वतःच्या वार्ताहरांनी कळवलेले आकडे वेगळे दिसत होते. सारा देश एक म्हणत असताना, शेजारच्या प्रत्येक पडद्यावर विजेत्याचे चित्र असताना, "आमच्या मते हे अजून ठरलेले नाही" म्हणणाऱ्या त्या दालनातील माणसांविषयी मला फार आदर वाटतो. पत्रकारितेतील धैर्य म्हटले की आपल्याला तुरुंग आठवतो. असे शांत, कंटाळवाणे धैर्यही असते.

पुढचे आपण जाणता. सुमारे साठ लाख मतांत अखेरचा फरक ५३७. फेरमोजणी, खटले, आणि १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा पाच विरुद्ध चार असा निर्णय. त्या राज्याच्या निवडणुकीवर देखरेख करणाऱ्या राज्य सचिव कॅथरिन हॅरिस बुश यांच्या फ्लोरिडातील प्रचाराच्या सहप्रमुख होत्या, आणि राज्याचे गव्हर्नर बुश यांचे धाकटे बंधू. आपल्याकडे असे घडते तर आपण काय म्हटले असते, याची मी कल्पना करते. तथापि एक गोष्ट नोंदवायला हवी : रात्री सव्वादोनच्या त्या चुकीच्या घोषणेमुळे पुढील छत्तीस दिवस बुश हे 'जिंकलेले' आणि गोर हे 'निकाल न मानणारे' असे चित्र लोकांच्या मनात राहिले. वस्तुतः दोघेही त्या वेळी केवळ उमेदवार होते.

२०२० साली नेमके उलटे घडले. माध्यमे धीराने वागली, आणि त्या धीराचाच संशय घेतला गेला. महासाथीमुळे दर दहांतील चारांहून अधिक मतदारांनी टपालाने मत दिले. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार ती पाकिटे मतदानाच्या दिवशी सकाळपर्यंत उघडताच येत नव्हती. टपाली मते अधिक करून डेमोक्रॅटिक मतदारांची होती. त्यामुळे रात्री ट्रम्प पुढे दिसणार आणि मग बायडन यांचा आकडा वाढत जाणार, हे जाणकारांनी आधीच सांगून ठेवले होते. मतदान झाले ३ नोव्हेंबरला, मंगळवारी. निकाल सांगितला गेला शनिवारी, ७ तारखेला. हे चार दिवस म्हणजे मोजणीला लागणारा प्रामाणिक वेळ होता. पण रिकाम्या वेळात अफवा शिरते. आपल्या घरातील लग्नाच्या पंगतीपासून देशाच्या निवडणुकीपर्यंत हा नियम एकच.

जॉर्जिया राज्यातील एक मायलेकींची जोडी मला या साऱ्यात विसरता येत नाही. अटलांटा शहरात मोजणीच्या टेबलावर त्या दोघी काम करत होत्या. सुरक्षा-कॅमेऱ्यातील चित्रफितीचा तुकडा कापून पसरवला गेला, आणि न्यूयॉर्कचे माजी महापौर व ट्रम्प यांचे वकील रूडी जुलियानी यांनी त्यांच्यावर मते फिरवल्याचा आरोप केला. आईने मुलीच्या हातात काहीतरी दिले, ते मते बदलण्याचे साधन असणार, असे सांगितले गेले. काँग्रेसच्या समितीपुढे जून २०२२ मध्ये मुलीने सांगितले की ती आल्याची गोळी होती. आलेपाकाची वडी म्हणा ना! धमक्या इतक्या आल्या की आईला सुमारे दोन महिने घराबाहेर राहावे लागले. जॉर्जियातील सुमारे पन्नास लाख मतपत्रिका हाताने पुन्हा मोजल्या गेल्या होत्या, आणि निकाल तोच आला होता. डिसेंबर २०२३ मध्ये ज्यूरीने या दोघींना १४ कोटी ८० लाख डॉलरांच्या आसपास भरपाई देण्याचा निर्णय जुलियानींविरुद्ध दिला. आकडा मोठा आहे. पण मी स्वतः, या सभागृहातील माझ्या अनेक सहकाऱ्यांप्रमाणे, मतदान केंद्रावर केंद्राध्यक्ष म्हणून काम केले आहे. रात्री उशिरा नमुना १७-सी भरून, त्याच्या प्रती प्रतिनिधींच्या हातात देऊन, यंत्रांवर मोहोर लावून ती जमा करायला बसमधून गेले आहे. शेजारी बसलेल्या बाईंनी मलाही अशा वेळी पिशवीतून काहीतरी तोंडात टाकायला दिले आहे. त्या क्षणाचे चित्र कापून कोणी जगाला दाखवले असते तर? निवडणूक शेवटी अशा थकलेल्या, अल्प मानधनावरच्या माणसांच्या हातून पार पडते, तिथेही आणि येथेही. आणि पडद्यावरचा आकडा त्यांच्या हातातूनच आलेला असतो.

त्याच रात्रीची आणखी एक गोष्ट. फॉक्स न्यूज ही ट्रम्प समर्थकांची आवडती वाहिनी. तिच्या आकडेतज्ज्ञांनी ॲरिझोना राज्य बायडन यांना सर्वांच्या आधी, रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी दिले. माझ्या मते ती घाई होती, कारण अखेरचा फरक अवघा १०,४५७ मतांचा निघाला. पण निष्कर्ष खरा ठरला. प्रेक्षक मात्र रागावले आणि दुसऱ्या वाहिन्यांकडे वळू लागले. पुढे मतदान-यंत्रे बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीने याच वाहिनीवर अब्रुनुकसानीचा दावा लावला, आणि त्यातील कागदपत्रांतून दिसले की यंत्रांविषयीचे आरोप खोटे आहेत हे आतल्या लोकांना कळत असतानाही, प्रेक्षक जातील या भीतीने ते आरोप पडद्यावर येऊ दिले गेले. एप्रिल २०२३ मध्ये वाहिनीने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन दावा मिटवला. निवडणूक-वृत्ताला आजवर सरकारची भीती होती, धनिकांची होती. आता आपल्याच प्रेक्षकाची भीती आली आहे. या बाबतीत प्रेक्षक म्हणून आपणही, कुठलेही असलो तरी, अगदीच निरपराध नाही.

एक चिंतेची बाब सांगून शेवटाकडे येते. २००५ पासून आजवर अमेरिकेतील एक तृतीयांशाहून अधिक वर्तमानपत्रे बंद पडली आहेत, आणि त्यांत बहुतेक लहान गावांची साप्ताहिके आहेत. काउंटीच्या कचेरीत बसणारा कारकून कोण, त्याची मोजण्याची पद्धत काय, मागच्या खेपेस उशीर का झाला होता, हे ठाऊक असलेला माणूस त्या साप्ताहिकाचा वार्ताहर असे. तो गेला की काउंटीचा आकडा तेवढा उरतो. त्यामागचा माणूस ओळखीचा राहत नाही. अनोळखी माणसावर संशय घेणे सोपे असते. अटलांटाच्या मायलेकींचे जे झाले, ते त्यांना ओळखणाऱ्या शेजाऱ्यांनी केले नाही.

२०२४ साली ५ नोव्हेंबरला मतदान झाले. विस्कॉन्सिनच्या मतांनी ट्रम्प २७० च्या पुढे गेल्याचे असोसिएटेड प्रेसने दुसऱ्या दिवशी पहाटे ५ वाजून ३४ मिनिटांनी सांगितले. आपल्याकडे तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते आणि शाळा सुटत होती. कमला हॅरिस यांनी त्याच दिवशी पराभव मान्य केला. परंतु हेही सरकारी नव्हे. सरकारी निकाल सांगण्याची जागा त्या देशात एकच आहे, आणि ती मतदानानंतर दोन महिन्यांनी येते. ६ जानेवारीला काँग्रेसची दोन्ही सभागृहे एकत्र बसतात, राज्याराज्यांची पाकिटे उघडली जातात, आणि सिनेटचे पदसिद्ध अध्यक्ष या नात्याने उपराष्ट्राध्यक्ष बेरीज वाचून दाखवतात. २०२१ साली याच बैठकीवर जमाव चालून गेला. तरी सभासद त्याच रात्री परत आले आणि पहाटे पावणेचारच्या सुमारास उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांनी निकाल जाहीर केला. २०२२ च्या कायद्याने आता स्पष्ट केले आहे की उपराष्ट्राध्यक्षाला तिथे काही ठरवण्याचा अधिकार नाही. त्याने फक्त वाचायचे.

योगायोग असा की वाचणारी व्यक्ती कधी कधी स्वतःच हरलेली असते. जानेवारी १९६१ मध्ये निक्सन यांनी केनेडींचा विजय जाहीर केला. जानेवारी २००१ मध्ये त्या आसनावर गोर होते. फ्लोरिडाच्या मतांवर त्यांच्याच पक्षाचे प्रतिनिधी एकामागून एक हरकत घ्यायला उठले. नियमानुसार हरकतीवर एका सिनेटरचीही सही हवी होती, ती कोणाकडे नव्हती. गोर यांनी प्रत्येकाला सहीविषयी विचारले आणि प्रत्येकाला खाली बसवले. आणि ६ जानेवारी २०२५ रोजी ती पाळी कमला हॅरिस यांच्यावर आली. त्या आसनापुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी आकडे वाचले : डोनाल्ड ट्रम्प, ३१२. कमला हॅरिस, २२६.